लाइन खाली आहे

फाटक बसवायचं मी ठरवलं ते सासऱ्यांचा पाय अडकला म्हणून.

आमच्याकडे फाटक नव्हतं असं नाही. होतं, पण ते उभं राहत नव्हतं. कुंपणाच्या तोंडाशी टेकवून दोरीने बांधून ठेवलेलं होतं. ते कुठे धरून उचलायचं, कुठला गुडघा कुठे लावायचा हे मला आणि बायकोला सवयीने जमायचं. सासरे आमच्याकडे पहिल्यांदाच राहायला आले होते, त्यांना कसं जमणार? त्यांचा एक पाय आत आला, एक बाहेर राहिला, आणि त्याच अवस्थेत त्यांनी आमच्या संसारावर पहिली नजर टाकली.

सासरे वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झाले आहेत. दुकानदारांचे तराजू उलटेपालटे करून बघण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यामुळे समोर येईल ती गोष्ट थोडी कमीच भरणार, हे ते धरून चालतात. मी तर लग्नाच्या आधीपासूनच कमी भरत आलोय. शाळा मी लवकर सोडली. (शाळेनेही फारसं अडवलं नाही.) शिवाय माणसांशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. रोपांशी मात्र मी तासन्‌तास बोलू शकतो. म्हणून लग्नानंतर आम्ही गावाबाहेर रोपवाटिका काढली. टोमॅटो, कोबी, मिरची, थोडी फुलझाडं. मी रोपं वाढवतो, बायको ती विकते, आणि मध्ये बोलायचं जे काही असतं ते सगळं ती बोलते. आमचं छान चाललं होतं.

अडचण एवढीच होती की जागा सासऱ्यांची होती.

त्यांनी ती कधीतरी घेऊन ठेवली होती आणि लग्नात लेकीला म्हणाले होते, राहून बघा, जमलं तर बघू. आता ते बघायला आले होते. त्यांच्या धाकट्या भावाचं शहरात मालवाहतुकीचं ऑफिस आहे. तिथे एक जागा रिकामी झाली होती. काम सावलीतलं. टेबलापाशी बसायचं, दिवसभर फोन घ्यायचे आणि कुठली गाडी कुठे पोचली ते लोकांना सांगायचं. वर राहायला खोली. सासऱ्यांनी पहिल्याच चहाला स्पष्ट सांगितलं. इथे संसार होण्यासारखा दिसला तर खुशाल राहा, नाही दिसला तर मी भावाला शब्द देतो. त्याची गाडी येईल आणि सामान घेऊन जाईल.

दिवसभर फोन! त्या रात्री मला स्वप्नातसुद्धा घंटी ऐकू आली.

सकाळी बायकोने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दबक्या आवाजात बजावलं की तू बाबांशी वाद घालायला जाऊ नकोस. (मी? वाद?) तू हाताने काहीतरी करून दाखव. त्यात तू कुणाला हार जात नाहीस. मग मी फाटकाचं बोललो. तिला ते एकदम पटलं. दोन खड्डे, दोन खांब, मध्ये फाटक. दुपारपर्यंत सासरे ताठ मानेने आत-बाहेर करू शकतील आणि आमचा संसार वजनाला पुरा भरेल.

पहिला खड्डा सुरेख झाला. सासरे फाटकाजवळच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं आणि खड्डा बोटभर तिरका आहे असं सांगितलं. खड्डा तिरका कसा असू शकतो ते मला कळलं नाही, पण मी तो सरळ केला. मग झाडाच्या बाजूचा दुसरा खड्डा घेतला. ढोपरभर खाली गेलो असेन नसेन, तोच कुदळ विटांवर खणकन आपटली. विटा ओळीने आडव्या रचलेल्या होत्या. इथे खाली विटांचा उपयोग काय, असा विचार करत मी एक उचकटली. तिच्याखाली लाल प्लास्टिकची पट्टी निघाली.

सासरे तेव्हा जेवायला आत गेले होते आणि बायको रोपांचे ट्रे स्कूटरला बांधत होती. ती आली, वाकली, पट्टीवरचा चिखल अंगठ्याने पुसला. तिच्यावर छापलेलं होतं, सावधान, खाली विजेची लाइन.

"कुदळ ठेव आधी," ती म्हणाली. "रस्त्यावरच्या खांबावरून घरात येणारी लाइन आहे ही. नेमकी कशी वळलीय ते कळल्याशिवाय एक ढेकूळ हलवू नकोस. विजेच्या ऑफिसात फोन कर, ते माणूस पाठवून दाखवतात."

"तू आल्यावर कर ना."

"मला यायला उशीर होईल. अरे, फोन आहे तो, साप नाही."

मी म्हणालो, साप परवडला, तो उलट प्रश्न विचारत नाही. तिने स्कूटर चालू केली आणि जाता जाता एक सल्ला दिला. पुढचं सगळं त्या सल्ल्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. (तिच्यासमोर तर नाहीच.) ती म्हणाली, "थोडक्यात बोल. तू लांब वाक्य सुरू केलंस की मध्येच हरवतोस."

हे खरं आहे. मी टोमॅटोच्या वाफ्यापाशी उभा राहून वाक्य तयार केलं होतं ते असं: आमच्या आवारात फाटकासाठी खड्डा खणत असताना जमिनीखालून गेलेली विजेची लाइन असल्याचं आढळलं आहे, तरी ती नेमकी कुठून गेली आहे हे दाखवण्यासाठी आपण माणूस पाठवावा. टोमॅटोंना ते आवडलं. पण मिरचीपर्यंत पोचेतो मी 'तरी'पाशी दोनदा अडकलो. म्हणून ते छाटायला घेतलं. रोप छाटताना कसं, नको ती पानं काढायची आणि शेंडा ठेवायचा. छाटता छाटता शेवटी तीन शब्द उरले, आणि ते मला एकदम निरोगी वाटले.

तोवर सासऱ्यांचं जेवण झालं होतं. झाडाची सावली सरकली तशी त्यांनी खुर्चीही सरकवली. ती आता नेमकी दुसऱ्या खड्ड्याच्या काठाला, लाल पट्टी जिथून पुढे मातीत शिरत होती तिथे होती. त्यांनी पाय लांब केले, मान मागे टाकली आणि झोपले. मी थोडा लांब उभा राहून फोन लावला.

पलीकडे एक बाई होत्या. आवाज शांत, कामाचा.

"नमस्कार," मी म्हणालो. "लाइन खाली आहे."

 मग त्यांनी पत्ता विचारला. मी सांगितला. इथवर मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

"पूर्ण खाली आहे की लोंबतेय?"

"पूर्ण खाली." (जमिनीतली लाइन लोंबेल कशी? पण ऑफिसात सगळ्यांना हेच विचारत असतील.)

"चालू आहे का?"

"हो हो, चालू आहे. घरात पंखा फिरतोय."

"हात नाही ना लावला कुणी?"

"नाही. कुदळ लागणार होती, बायकोने अडवलं."

"देवाने वाचवलं तुम्हाला. आता तिच्या जवळपास कुणी आहे?"

"सासरे आहेत."

"किती जवळ?"

मी मान वळवून पाहिलं. "वरच आहेत."

"लाइनीच्या वर?" बाईंचा आवाज बदलला. "हालचाल करतायत का?"

"नाही. जेवल्यापासून तसेच आहेत."

"श्वास चालू आहे?"

आता सासरे घोरत होते. पण सासऱ्यांबद्दल, तेही परक्या बाईंना, 'घोरतायत' असं सांगणं मला बरं दिसेना. मी म्हणालो, "चालू आहे. आवाज येतोय, मोठा. तोंड उघडं आहे."

"घाबरू नका. मोठा धक्का बसला की असं होतं."

(मोठा धक्का त्यांना आमचं लग्न ठरलं तेव्हा बसला होता, हे खरं. पण ते या बाईंना कसं कळलं?)

"आता मी सांगते तेवढंच करा," त्या म्हणाल्या. "त्यांना हाताने शिवायचं नाही. पायात रबरी चपला घाला. कोरडी लाकडी काठी घ्या आणि त्यांना लाइनीवरून बाजूला ढकला. मी सप्लाय तोडते. गाडी निघालीच."

गाडी कशाला, उद्या माणूस पाठवलात तरी चालेल, असं मी म्हणणार होतो. पण लांब वाक्य होतं. मी 'गाडी'पर्यंत पोचलो तेव्हा फोन बंद झाला होता.

मी ऑफिसचं ऐकणारा माणूस आहे. जमिनीखालच्या लाइनीवर कुणी बसू नये असा नियम असेल, एवढाच विचार केला. माझे बूट चामड्याचे होते म्हणून ते काढले आणि दारातल्या बायकोच्या रबरी चपला घातल्या. त्या गुलाबी आहेत आणि माझी टाच त्यांच्या बाहेर राहते. कपडे वाळत घालायची काठी काढली, ती कोरडी आहे याची खात्री केली, आणि सासऱ्यांपासून काठीभर अंतरावर उभा राहून त्यांच्या बरगडीला अदबीने टेकवली.

काही झालं नाही. अदब थोडी कमी केली. खुर्ची हलली. तिसऱ्यांदा टेकवली तेव्हा सासऱ्यांनी डोळे उघडले. आधी काठी पाहिली, मग काठीवरून नजर सरकवत मला पाहिलं, मग चपला पाहिल्या.

"जावईबापू," ते म्हणाले, "हे काय करताय?"

"तुम्हाला बाजूला करतोय."

"ते दिसतंय. पण का?"

"ऑफिसातून सांगितलंय. मी फोन केला होता."

सासरे ताडकन उठून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेली गोष्ट होती. ते माझ्यावर खूश झाले होते. "तुम्ही स्वतः ऑफिसात फोन केलात?" त्यांनी विचारलं. "काय म्हणाले?"

"गाडी निघालीच म्हणाले."

आता मला कळतं की त्यांच्यासाठी ऑफिस म्हणजे एकच, भावाचं. तेव्हा मला काही कळलं नाही. माझ्या पाठीवर थाप पडली. ते म्हणाले, भाऊ असावा तर असा, शब्द टाकायचा अवकाश. मग बाह्या सरसावून ते घरात गेले. मला वाटलं, लाइन दाखवायला माणसं येणार म्हणून घर आवरतायत. ते गाद्या घेऊन बाहेर आले. त्यामागून पातेली आली. वय पाहता त्यांनी एकट्याने एवढं उचलू नये म्हणून मीही मदत केली. (नीट वाचा. माझ्या संसाराचं सामान मी माझ्याच हाताने ओसरीवर आणून रचलं, आणि कपाटाचं दुसरं टोक धरताना त्यांना म्हणालो, सावकाश.)

पंखा केव्हाच थांबला होता. आमचा एकट्याचा नाही, अख्ख्या गावाचा. थोड्या वेळाने कुंपणापाशी माणसं जमायला लागली. गिरणीवाला डोक्यापासून पायापर्यंत पिठाने माखलेला, तसाच आला. न्हावी आला आणि त्याच्या मागोमाग गळ्यात फडकं बांधलेलं त्याचं गिऱ्हाईक आलं. त्याचं अर्धं डोकं भादरून झालं होतं आणि मशीन बंद पडलं होतं. गिऱ्हाईक भादरलेल्या बाजूवर हात ठेवून उभं होतं. कुणीतरी मला विचारलं, वारले का? मी विचारलं, कोण? त्याने ओसरीवरच्या गाद्या-पातेल्यांकडे पाहिलं आणि माझा खांदा दाबला.

मग भोंगा वाजवत विजेच्या खात्याची पिवळी गाडी आली. वर शिडी, आत चार माणसं, हातात रबरी हातमोजे. पुढचा टोपीवाला उडी मारून उतरला आणि फाटकापाशी अडकला. त्याचा एक पाय आत, एक बाहेर.

"माणूस कुठाय?" तो तिथूनच ओरडला.

"मीच," सासरे पुढे झाले. "आधी कपाट घ्या. आरशाचं आहे, उभं ठेवा."

टोपीवाल्याने त्यांचं मनगट धरलं. "तुम्ही आधी झोपा बघू."

"आत्ताच उठलोय मी."

"बोलू नका जास्त. छातीत कसं वाटतंय?"

"बरगडीत दुखतंय. जावयाने काठी खुपसली."

टोपीवाल्याने माझ्याकडे वळून मान डोलावली. "बरोबर केलंत. तुमच्यामुळे वाचले."

सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गाडीवरची शिडी पाहिली. भावाच्या गाड्यांना शिडी नसते, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं असावं. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "तुम्ही कुठल्या ऑफिसातून आलात?"

याच वेळी बायकोची स्कूटर आली. तिने काय पाहिलं ते तिच्या जागी उभं राहून पाहा. अर्धं गाव कुंपणाला लागलेलं. ओसरीवर आपली गादी, त्यावर आपली पातेली. चार जण आपल्या वडिलांना आडवं करू पाहतायत, आणि नवरा हातात काठी घेऊन आपल्या गुलाबी चपलांत उभा.

ती रडली नाही, ओरडली नाही. हेल्मेट काढून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "फोनवर तू नेमकं काय बोललास? शब्द सांग."

मी शब्द सांगितले. तीनच होते.

टोपीवाल्याने टोपी काढली. "म्हणजे लाइन पडलेली नाही?"

"नाही," मी म्हणालो. "खाली आहे."

सगळ्यात आधी गिरणीवाला हसला. तो हसला तसं पीठ उडालं. मग बाकीचे हसले, आणि अर्ध्या डोक्याचं गिऱ्हाईकही शेवटी डोक्यावरचा हात काढून हसलं. टोपीवाला तेवढा हसला नाही. त्याने मला तो मोठा आवाज कसला होता ते विचारून घेतलं आणि गाडीवर जाऊन ऑफिसशी बोलला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण 'घोरत होते, घोरत' हे शब्द दोनदा आले. सासऱ्यांनी ते ऐकलं आणि माझ्याकडे न बघता सांगितलं की ते घोरत नाहीत.

गाडी आलीच होती, म्हणून त्यांनी जमिनीवरून फिरवायचं यंत्र काढलं. ते कुईं कुईं करत अंगणभर फिरलं आणि माझ्या दुसऱ्या खड्ड्यावर येऊन किंचाळलं. टोपीवाल्याने पट्टीखालची माती हाताने अलगद बाजूला केली. काळी केबल दिसली. मी उचकटलेल्या विटेच्या बरोब्बर खाली, हाताच्या पंज्याएवढ्या अंतरावर. कुदळीचा आणखी एक घाव पुरला असता.

 बायकोने माझा दंड धरला आणि बराच वेळ सोडला नाही. टोपीवाला म्हणाला, "फोन केलात ते उत्तम केलंत. फक्त पुढच्या वेळी दुसरं कुणीतरी करा."

त्याने चुन्याने लाइनीची वाट आखून दिली आणि खांबाची जागा सरकवून दाखवली. गावात वीज आली. गिरणी सुरू झाल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला, तसा गिरणीवाला पळाला. न्हाव्याने गिऱ्हाईकाला दंडाला धरून नेलं. संध्याकाळपर्यंत मी दोन्ही खांब उभे केले. सासऱ्यांनी ओळंबा धरला, दोऱ्याला लटकवलेलं वजन एका डोळ्याने न्याहाळलं, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. सरळ होते म्हणून.

सामान अजून ओसरीवरच होतं. ते आत न्यायचं की तिथेच ठेवायचं, हे आम्हा दोघांपैकी कुणीच विचारत नव्हतं. बायकोने चहा आणला. सासरे पातेल्याशेजारी गादीवर बसले आणि त्यांनी भावाला फोन लावला. माझ्या पोटात खड्डा पडला. (तिसरा.)

"हां, ती जागा," ते फोनवर म्हणाले. "नाही, पोरगा नाही येणार. अरे, कष्टाळू आहे, सरळ आहे, सांगितलेलं तंतोतंत ऐकतो. पण तीन शब्दांत याने अख्ख्या गावाची वीज घालवली. दिवसभर फोनवर बसवलास तर तुझी एक गाडी ठिकाणावर सापडायची नाही." मग थोडं ऐकून म्हणाले, "हो, इथेच राहतील. जागा यांचीच आहे आता."

फोन ठेवून त्यांनी चहाचा घोट घेतला. मग माझ्याकडे वळले.

"अरे," ते म्हणाले. तोवर मी जावईबापू होतो, अहो-जाहो होतो. 'अरे' मी त्या दिवशी पहिल्यांदा झालो. "अरे, तू रोपांशीच बोलत जा. ती बिचारी चुकीचं ऐकत नाहीत. आणि ते कपाट धर तिकडून, आत न्यायचंय."

मी धरलं. इतकं हलकं कपाट मी आयुष्यात उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी सासरे गेले. नव्या फाटकातून ताठ मानेने गेले, परत आत आले, आणि पुन्हा एकदा ताठ मानेने गेले. फाटक बोटभर तिरकं आहे असं त्यांनी जाताना सांगितलं खरं, पण हसून.

माझ्या मनात मात्र त्या फोनचं राहून गेलं होतं. काय बोलायला हवं होतं ते मी रोज टोमॅटोंपुढे म्हणून पाहत होतो. परवा सोसाट्याचा वारा सुटला आणि रस्त्यावरच्या खांबावरची तार तुटून खरोखरच पडली. बायको बाजारात होती. मी जाणाऱ्या-येणाऱ्यांना लांब थांबवलं, रबरी चपला घातल्या, (स्वतःच्या, आता आणल्या आहेत) आणि फोन लावला. त्याच बाई होत्या. मी एकही शब्द छाटला नाही. नाव सांगितलं, पत्ता सांगितला, आणि न अडखळता म्हणालो की आमच्या घरासमोर रस्त्यावर विजेची लाइन खाली आहे.

 मग बाईंनी हसू आवरत विचारलं,

"बरं. किती खोल?"